'करून राह्यलो'चं व्याकरण, आणि पोडा-तांड्यावरची दोन-तीन भाषांची लेकरं

पोडावरचा मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. एकाच वर्गात पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची लेकरं, तांड्यावरची बंजारा लेकरं आणि गावातली वऱ्हाडी बोलणारी लेकरं बसतात. घरी कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी, किराणा दुकानात वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि आदिलाबादकडचे पाहुणे आले की तेलुगू कानावर. सहा वर्षांचं लेकरू एवढं सगळं सांभाळतं, आणि आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे शेरा पडतो : 'भाषा कच्ची'. हा शेरा मला फार खुपतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेकरू काय बोलतं ते आधी नीट ऐकावं, लिहून घ्यावं, त्यातला नियम शोधावा, आणि दुरुस्तीला मग हात घालावा. आम्ही शिक्षक उलट करतो. ऐकायच्या आधीच लाल शाई.

एक उदाहरण घेतो, सगळ्या विदर्भाला ओळखीचं : 'काय करून राह्यला?' 'जेऊन राह्यलो.' ही हिंदीची नक्कल आहे, 'कर रहा हूँ'चं मराठी करून टाकलंय, असं सुशिक्षित माणूसही ठामपणे सांगतो. साचा शेजारचा आहे, हिंदीचा सहवास जुना आहे, हे मान्य. नागपूर १९५६ पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा कचेरीत होत्या. पण आतली बांधणी पाहा. हिंदीत नुसता धातू येतो, 'कर', आणि त्याला 'रहा'. आपल्याकडे 'ऊन' लागतोच : करून, येऊन, खाऊन. 'कर राह्यलो' असं गावात कोणी म्हणत नाही. आणि 'ऊन' अधिक 'राहणे' ही जोडी प्रमाण मराठीतही आहे : 'तो दिवसभर पडून राहिला', 'ती गप्प बसून राहिली'. तिथे ती पडणे-बसणे अशा स्थितीच्या क्रियापदांपाशी थांबते. वऱ्हाडीने ती सगळ्यांना मोकळी केली. पानी येऊन राह्यलं, बैल चरून राह्यला, माय सैपाक करून राह्यली.

याहून पक्की खूण पुढे आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की 'तो', 'ती' अशा कर्त्याला 'नं' लागतो : 'त्यानं भात खाल्ला'. आता 'राह्यला' हे रूप दिसायला भूतकाळाचं, आणि 'खाणे' तर सकर्मक. मग 'त्यानं भात खाऊन राह्यला' म्हणतात का? नाही म्हणत. 'तो भात खाऊन राह्यला' असंच म्हणतात, कारण कर्त्याचं रूप शेवटचा 'राह' ठरवतो आणि तो अकर्मक आहे. पहिलीतल्या लेकराला सकर्मक-अकर्मक हे शब्द ठाऊक नाहीत, पण या नियमात ते चुकत नाही.

तर विनंती अशी : आपापल्या गावात, घरात, कचेरीत काय बोललं जातं ते इथे लिहा. 'असं म्हणायला पाहिजे' हे नको. 'आमच्याकडे असं म्हणतात' हे हवं.

अकोल्याचा नाना

मास्तर, विषय जिव्हाळ्याचा काढलात. मी मूळचा अकोला जिल्ह्यातला, नोकरीमुळे बरीच वर्षं पुण्यात. व्याकरण आहे हे तुम्ही पटवून दिलंत. तरी एक काळजी मांडतो, राग मानू नका.

पुतण्या स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला बसला. हुशार पोरगा, पण तोंडून 'मले' निघेल या भीतीने अर्धी उत्तरं त्याने गिळली. त्याला कोणी लहानपणीच प्रमाण बोलायची सवय लावली असती तर? बोलीचं कौतुक आपण चार लोक इथे करू, पण उद्या त्या लेकराला ज्या दारात उभं राहायचं आहे तिथली भाषा त्याला यायलाच हवी. शाळेने ती नाही शिकवायची तर कोणी?

पोडावरचा मास्तर

@नाना, राग कसला. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, रोज शिकवतो. पण तुमचंच उदाहरण पाहा. पुतण्याला प्रमाण येत नव्हतं असं नाही, त्याला 'मले'ची भीती होती. ती भीती कुठल्या तरी वर्गात, कुठल्या तरी शिक्षकाच्या हसण्यातून बसली असणार. 'घरी मले, परीक्षेत मला, दोन्ही बरोबर, जागा वेगळी' हे त्याला दुसरीतच कोणी सांगितलं असतं तर उत्तरं गिळावी लागली नसती.

आर्वीची

धागा वाचून राहवलं नाही. मी भाषाविज्ञानात एम.ए. केलं आहे, माहेर वर्धा जिल्ह्यातलं. मास्तरांनी 'राह्यला'वर जे लिहिलंय ते वर्गात शिकवावं इतकं नेमकं आहे. 'मले'वरून नानांनी काळजी मांडली, म्हणून त्या 'ले'बद्दल आधी.

प्रमाण मराठीत एकवचनाला 'ला' आणि अनेकवचनाला 'ना' : पोराला, पोरांना. दोन प्रत्यय. वऱ्हाडीत एकच : पोराले, पोरायले. लोकायले, बायायले, त्यायले. 'अनेक' आहे हे सांगायचं काम नामाच्या अंगातला 'आय' करतो आणि 'ले' जागचा हलत नाही. 'लोकायचं', 'पोरायनं' इथेही तोच 'आय'. म्हणजे प्रत्ययांची संख्या कमी आणि मांडणी जास्त नियमित. शिवाय हा 'ले' हिंदीतून आलेला नाही, हिंदीत तिथे 'को' आहे. तो सापडतो आपल्या पश्चिमेला, खानदेशात, अहिराणीच्या 'माले-तुले'मध्ये.

दुसरं, 'तो जाते, ती जाते'. प्रमाण मराठीत जातो-जाते असा लिंगभेद आहे, आपल्याकडे तृतीय पुरुषी एकवचनात तो भेद पुसला जातो. 'तो म्हनते' ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस समजतो की वऱ्हाडी माणसाला लिंग कळत नाही. पण तोच माणूस 'तो गेला, ती गेली' बिनचूक म्हणतो. भेद एका काळात पुसला आणि दुसऱ्यात राखला, तो सगळ्यांनी सारखाच. अशी शिस्त चुकांमध्ये नसते.

आणि तिसरं माझं लाडकं. 'ये' आणि 'येजो'. 'ये' म्हणजे आत्ता, या घडीला. 'येजो' म्हणजे पुढे कधीतरी : 'पोयाले (पोळ्याला) येजो बरं'. 'औषध घे' आणि 'रात्री औषध घेजो'. आत्ताची आज्ञा आणि नंतरची आज्ञा यांना वेगळी रूपं आहेत. गुजरातीत 'करजो, आवजो' आहे, राजस्थानी बोलींत आहे. प्रमाण मराठीला हे काम 'उद्या', 'नंतर' असे शब्द जोडून करावं लागतं.

या सगळ्यावर काम झालेलं आहे, ते लोकांपर्यंत पोचलेलं नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ साली निघालेला, मराठीवर आहे आणि त्यात वऱ्हाडी-नागपुरीचे नमुने आहेत. त्याची पद्धत मात्र आज चालणार नाही. बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं ठिकठिकाणी स्थानिक भाषांतर करून घ्यायचे, बहुतेकदा सरकारी कामदारांमार्फत. कामदाराने लिहून पाठवलेली गोष्ट आणि निंदण करताना बायका बोलतात ती भाषा एकच असेल याची खात्री नाही. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं नव्याने सर्वेक्षण केलं, गावोगाव जाऊन, माणसांना बोलतं करून, आवाज ध्वनिमुद्रित करून. ते संकेतस्थळावर खुलं आहे. जरूर ऐका.

गणू जामोदवाला

मास्तर, मी माह्या बोलीतच लिवतो, चालते ना? जयगाव जामोद तालुका, बुलडाना जिल्हा. सातपुड्याच्या पायथ्याशी वावर हाये.

तुमी कोलाम लोकायचं सांगून राह्यले. आमच्या इकडे निहाल लोक हाये. ते आपसात बोलते ते आमाले एक शब्द समजत नाई. कोरकू लोकायलेबी समजत नाई म्हनते. पन निहाल मानूस कोरकूसंग कोरकूत बोलते, आमच्यासंग वऱ्हाडीत बोलते, बजारात आला का हिंदी बोलते. आमचे बुढे म्हनत का हे लोक मुद्दाम चोरभाषा बोलते, दुसऱ्याले समजू नये म्हनून. हे खरं हाये का कोनी सांगन का? माह्या वावरात दोघं-तिघं येते कामाले. त्यायच्या तोंडून ऐकलं का मले तं ती पुरी भाषाच वाटते, गानं हाये, भांडन हाये, लेकराले झोपवनं हाये.

आर्वीची

@गणूभाऊ, तुम्ही ज्या भाषेबद्दल लिहिलंय तिच्यासाठी जगभरचे अभ्यासक तुमच्या तालुक्याकडे डोळे लावून बसलेले असतात! निहाली किंवा नहाली. आजवर तिचं नातं कुठल्याच भाषाकुळाशी खात्रीने जुळलेलं नाही. कोरकू ही मुंडा भाषा, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या गणगोतातली. कोलामी-गोंडी द्राविडी. वऱ्हाडी आणि गोरमाटी आर्यभाषा. निहाली यातल्या कुठल्याच घरची नाही. तिने कोरकूतून भरपूर शब्द घेतले, मराठी-हिंदीतून घेतले, द्राविडीतूनही. दोन, तीन, चार या आकड्यांचे शब्द द्राविडी वळणाचे आहेत. तरीही मूळचा म्हणून एक मोठा गाभा उरतो, आणि त्याचं कुळ सापडत नाही.

चोरभाषेची शंका काही तुमच्या बुढ्या लोकांनीच घेतली असं नाही. डच अभ्यासक कायपर यांचं १९६२चं नहालीवरचं पुस्तक याच प्रश्नाशी झुंजतं. पण तुम्ही जे शेवटी लिहिलंत तोच खरा कस आहे. जिच्यात आई लेकराला झोपवते ती कोणाची तरी मातृभाषा असते.

दुःख हे की जनगणनेच्या छापील तक्त्यात ती शोधून सापडणार नाही. १९७१पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाहीत, आणि निहाली बोलणारे दोनेक हजारांच्या घरात मानले जातात.

तांड्यातला अभियंता

जनगणनेचा विषय निघाला म्हणून. आमची गोरमाटी जनगणनेत लंबाडी म्हणून येते आणि मोजली जाते हिंदीच्या खात्यात. २०११ला ३२ लाखांहून जास्त लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली होती, ते सगळे 'हिंदी'च्या बेरजेत. माझ्या याडीला, म्हणजे आईला, हिंदी धड येत नाही. दिग्रसच्या बाजारात ती वऱ्हाडी बोलते. कागदावर मात्र ती हिंदी भाषिक.

आमच्या घरात कोणती भाषा कधी याचे नियम कोणी शिकवले नाहीत, पण ते कडक आहेत. याडी-बापूशी गोरमाटी. वावरात मजुरांशी वऱ्हाडी. बैलाशीही वऱ्हाडी, कारण बैल गावातून घेतलेला! कार्यालयात माझं प्रमाण मराठी, बायकोशी गोरमाटी, आणि मुलीला अभ्यास घेताना मराठी-इंग्रजी. मुलगी आता याडीला मराठीत उत्तर देते. कळतं सगळं, बोलत नाही. ते मला आतून लागतं. उपाय कोणाकडे असेल तर सांगा.

ब्रह्मपुरीची सून

आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, सगळंच वेगळं. तुम्ही लोक 'ळ'चा 'य' करता, डोळा-डोया. आमच्याकडे 'डोरा', 'जवर'. सासरी आले तेव्हा कान धरायला वेळ लागला, माहेर अमरावतीकडचं ना.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा अडीच वर्षांचा. मी वऱ्हाडी बोलते, सासूबाई झाडी, हे हिंदी चॅनल लावून बसतात. मुलगा एकाच वाक्यात तिन्ही घालतो. शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात एकच भाषा ठेवा नाहीतर मूल उशिरा बोलेल, गोंधळेल. तेव्हापासून सासूबाई बिचाऱ्या नातवाशी जपून बोलतात. मला ते बघवत नाही.

आर्वीची

@ब्रह्मपुरीची सून, आधी सासूबाईंना सांगा की मनमोकळं बोला. आजच सांगा.

'दोन भाषांनी मूल मागे पडतं' ही समजूत शंभर वर्षं जुनी आहे. ती ज्या चाचण्यांवर उभी होती त्यांत बहुतेकदा गरीब स्थलांतरित घरांतल्या द्विभाषक मुलांची तुलना सुखवस्तू एकभाषक मुलांशी केली जायची, आणि चाचणीही मुलांना न येणाऱ्या भाषेत. १९६२ साली माँट्रिअलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक थरातली दहा वर्षांची मुलं घेऊन तुलना केली, तर फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली. आपल्या अधिक जवळचं काम ओडिशात अजित मोहंती यांनी केलं. कंध आदिवासींपैकी काही भागांत लोक कुई आणि ओडिया दोन्ही बोलतात, काही भागांत फक्त ओडिया उरली आहे. समाज एकच, राहणी सारखी, फरक भाषेचा. दोन्ही येणारी मुलं त्यांच्या बौद्धिक चाचण्यांत सरस ठरली. द्विभाषेने बुद्धी वाढतेच का, किती वाढते, यावर पुढे बरेच वाद झाले आणि अजून चालू आहेत. पण नुकसान होतं, मूल गोंधळतं, याला आधार मिळालेला नाही. मूल खरंच उशिरा बोलत असेल तर कान तपासून घ्यावेत, डॉक्टरांना विचारावं. आजीची बोली बंद करून काही साधत नाही.

आणि 'एकाच वाक्यात तिन्ही घालतो' याकडेही जरा कान द्या. आपण मोठे काय बोलतो? 'मोबाइलले चार्जिंगले लावजो.' शब्द इंग्रजी, पण 'ले' वऱ्हाडी, 'जो' वऱ्हाडी, शब्दांचा क्रम वऱ्हाडी. मायर्स-स्कॉटन या बाईंनी १९९३मध्ये हेच मांडलं : मिसळीच्या वाक्यात सांगाडा एका भाषेचा असतो, प्रत्यय-क्रियारूपं त्या सांगाड्याची, आणि भर दुसऱ्या भाषेच्या शब्दांची. त्यांचा अभ्यास आफ्रिकेतला, स्वाहिली-इंग्रजीचा. तुमच्या मुलाच्या वाक्यात शब्द कुठल्याही भाषेचे असोत, प्रत्यय कोणाचे येतात ते आठ दिवस ऐका आणि इथे लिहा.

@तांड्यातला अभियंता, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे झटपट उपाय नाही. मुलीला 'गोरमाटीत बोल' असं बजावण्यापेक्षा, जिथे गोरमाटीवाचून चालतच नाही असे प्रसंग वाढवता आले तर बघा. सुटीत तांड्यावर, चुलत भावंडांत. मूल भाषा आईबापासाठी धरत नाही इतकी सवंगड्यांसाठी धरतं.

धारणीची सिस्टर

मी मेळघाटात आरोग्यसेविका आहे, मातृभाषा कोरकू. वाचनमात्र होते, आता लिहिते.

आमच्या भाषेत 'आम्ही'चे चार प्रकार आहेत. मी आणि तू. मी आणि तो, तू नाही. आपण सगळे, तुझ्यासकट. आम्ही सगळे, तुला सोडून. चारही वेगळे शब्द. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद आहे म्हणून निदान अर्धं काम होतं, हिंदीत तर एकच 'हम'.

अडचण दवाखान्यात येते. डॉक्टरसाहेब आदराने म्हणतात, 'आपण ही गोळी रोज घ्यायची.' त्यांच्या मनात 'आपण' म्हणजे 'तुम्ही'. कोरकू बाईच्या कानाला ते 'तू आणि मी, आपण सगळ्यांनी' असं जातं. ती माझ्याकडे बघते, सिस्टर पण घेणार काय? म्हणून मी नवीन डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात सांगते, 'तुम्ही घ्या' म्हणा, 'आपण' म्हणू नका. आणि किती दिवस, किती वेळा, ते कोरकूत मी सांगते. हे भाषेच्या पुस्तकात कुठे लिहिलंय की नाही माहीत नाही, पण गोळ्या नीट घेतल्या जातात की नाही हे यावर ठरतं.

पोडावरचा मास्तर

सिस्टर, तुमचा प्रतिसाद छापून शिक्षकांच्या खोलीत लावणार आहे. आम्हीही वर्गात दिवसभर 'आपण आता पुस्तक उघडू या' म्हणतो आणि स्वतः उघडत नाही.

@आर्वीची, कोलामीबद्दल थोडं सांगा ना. माझी लेकरं लिंगात फार 'चुकतात', ते का?

आर्वीची

मास्तर, कोलामीवर भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचं पुस्तक १९५५चं, आणि ते वर्धा भागातल्या कोलामीवर आहे. म्हणजे आपल्याच घरचं. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी तो प्रसिद्ध लेख लिहिला, भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजारी राहून एकमेकींसारख्या होतात, असा. मराठी तर या देवघेवीच्या मधोमध बसलेली. 'आपण-आम्ही' हा भेद तेलुगूत 'मनमु-मेमु' असा आहे. साऊथवर्थ यांनी १९७१मध्ये मराठीच्या जन्मातच द्राविडी बोलणाऱ्यांचा मोठा हात असावा असं मांडलं. सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही, पण प्रश्न खरा आहे. साऊथवर्थ यांचा तो लेख ज्या ग्रंथात आहे त्यातच गंपर्झ आणि विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवरचा लेख आहे. तिथे कानडी, मराठी, उर्दू पिढ्यान् पिढ्या एकाच गावात बोलल्या गेल्या, आणि शब्द वेगळे राहूनही व्याकरण इतकं जवळ आलं की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. यवतमाळच्या दक्षिणेला कोलामी, गोंडी, गोरमाटी, वऱ्हाडी, तेलुगू एवढ्या भाषा शेजारी आहेत. तसा अभ्यास तुमच्या तालुक्यात व्हावा असं मला फार वाटतं.

आता लिंग. मराठीत तीन. कोलामी आणि गोंडीत एकवचनात दोनच गट : पुरुष एका बाजूला, आणि बाई, जनावर, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला. तेव्हा मास्तर, एवढं ऐका : लेकरू 'माय आलं', 'गाय गेलं' म्हणतं का? आणि 'बाप आलं' म्हणतं का? पहिलं ऐकू आलं आणि दुसरं आलं नाही, तर तो विसराळूपणा नव्हे. ते कोलामीचं वर्गीकरण मराठीत आणतंय. मग शिकवणंही सोपं होतं. तीन लिंगांची जंत्री पाठ करून घ्यायची गरज नाही. 'तुमच्यात जो दुसरा गट आहे त्याचे मराठीत दोन भाग होतात' एवढंच दाखवायचं. एक सावधगिरी : गावातली वऱ्हाडी घरंही लाडाने पोरीला 'आलं का माहं लेकरू' म्हणतात. ते वेगळं मोजा.

पोडावरचा मास्तर

'माय आलं' ऐकल्याचं पक्कं आठवतं. 'बाप आलं' आठवत नाही, पण आठवणीवर भरवसा ठेवत नाही. उद्यापासून वही ठेवतो.

ऐकण्याचीच अडचण आहे. मी जवळ गेलो की लेकरं पुस्तकी बोलायला लागतात. त्यांच्या आज्यांचं तर विचारूच नका, 'सर आले' म्हटलं की 'मला'च निघतं.

आर्वीची

या अडचणीवर अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ लबॉव्ह यांनी पुष्कळ विचार केला. माणूस कोणी ऐकत नसताना कसा बोलतो ते आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायचं तर ऐकायला जावंच लागतं. त्यांची एक युक्ती, माणसाला अशी गोष्ट विचारायची की सांगताना तो भाषा विसरेल : जीवावर बेतलेला प्रसंग. आजीला 'याला काय म्हणता' विचारलं तर ती सरांच्या भाषेत उत्तर देईल. पैनगंगेला पूर आला तेव्हा काय झालं, ते विचारा.

अकोल्याचा नाना

पोळ्याच्या झडत्या ध्वनिमुद्रित केल्या तर? आमच्या गावात अजून म्हणणारे आहेत. तोरणाखाली बैल उभे असताना काय रंग चढतो!

आर्वीची

@नाना, जरूर करा, त्यांचं मोल वेगळं आहे. फक्त त्या पाठ असतात, यमकात बांधलेल्या. जुने शब्द त्यात टिकतात. रोजच्या बोलण्याचं व्याकरण त्यातून काढू नये. झडत्या झाल्या की मुद्रण बंद करू नका. नंतर पारावर बैलांवरून जी चर्चा रंगते ती खरी खाण. आणि कोणाचाही आवाज त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कुठे ठेवणार आहोत तेही आधी सांगा. निहाल, कोलाम वस्तीत तर नक्कीच. लोक येतात, बोलणं नेतात, परत काही आणत नाहीत, असं त्यांनी खूप पाहिलं आहे.

तांड्यातला अभियंता

मास्तर, तुमच्या वरिष्ठांसाठी एक कागदी आधार देऊन ठेवतो. घटनेचं ३५०अ कलम, १९५६च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेत शिकायची पुरेशी सोय करावी. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावं म्हणतं. कोलामी आणि गोरमाटीही त्यात बसतात.

अकोल्याचा नाना

पुतण्याला हा धागा पाठवला. त्याने 'राह्यला'चा परिच्छेद दोनदा वाचला म्हणे आणि विचारलं, काका, हे आपल्याला मराठीच्या तासाला का नाही सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मास्तर, माझी काळजी मी मागे घेत नाही, प्रमाण आलंच पाहिजे. पण रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, लीळाचरित्र, याच मातीत घडला, आणि आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठही झालं. त्या विद्यापीठाने मास्तरांच्या वर्गापर्यंत यावं अशी आपण मागणी केली पाहिजे. पत्राचा मसुदा मी करतो.

ब्रह्मपुरीची सून

@आर्वीची, ऐकून इथे लिहा म्हटलं होतंत ना. मुलगा काल आजीला म्हणाला, 'आजी, डॉगीले दूध दे.' आजी 'डॉगी' म्हणत नाही, आणि मी त्याला कुत्रंच म्हणते. पण 'ले' माझा आहे! सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, प्रत्यय सुनेचा लागला.

गणू जामोदवाला

मास्तर, पत्रावर माहं नाव टाकजा. निहाल भाऊले मी इचारलं, तुह्या बोलीचं कोनी लिवून घेतलं तं चालन का. तो म्हने, पह्यले आमच्या पोरायले शाळेत कोनी हसू नये तेवढं करा, मंग घ्या लिवून.

पोडावरचा मास्तर

गणूभाऊ, त्यांचं हे वाक्य पत्रात जसंच्या तसं घालू. नाव नको, फक्त वाक्य.

वहीतली पहिली नोंद टाकतो. मधल्या सुटीत दोन पोरं झोंबत होती, मी ओरडलो, तर खालचा म्हणाला : 'सर, हा मले मारून नाई राह्यला, खेयून राह्यला.' 'नाई' बरोबर मधे, 'मारून' आणि 'राह्यला' यांच्यामध्ये. आमच्याकडे मोठी माणसंही असंच बोलतात. भंडारा-गोंदियाकडच्या आणि वाशीमच्या मंडळींनी सांगा, तुमच्याकडे 'नाई' कुठे बसतो? 'मारून राह्यला नाई' असं कोणाच्या कानावर आहे का?